नाडी सापडत नाही

जाऊबाई गेल्या त्याला आता पाच आठवडे झाले. लोक भेटायला यायचे, बसायचे, चहा घ्यायचे आणि जाताना सगळे एकच बोलायचे, बिचाऱ्या फार शांत होत्या हो, कोणाच्या अध्यात नाही मध्यात नाही. मी मान हलवायची. चौथ्या दिवशी मात्र राहवलं नाही, एका बाईला म्हटलं, अहो त्या सगळ्याच्याच मध्यात असायच्या, तुम्हाला दिसल्या नसतील. मग मोठे भाऊजी, म्हणजे जाऊबाईंचे मिस्टर, मला म्हणाले, "तू लिही. बेकरीतल्या लोकांना पण पाठवू." मी म्हटलं, "भाऊजी, माझी सातवी झालेली, मी काय लिहिणार?" ते म्हणाले, "बोलतेस ना दिवसभर, तेच टाईप कर."

म्हणून करते आहे. चुकलं तर सांभाळून घ्या. सगळं आयुष्य मला लिहिता येणार नाही. मी फक्त एक आठवडा सांगते, घड्याळाची बॅटरी उतरायला लागली होती तो आठवडा. त्यात जाऊबाई अख्ख्या येतात.

आमचं घर म्हणजे दोन भाऊ, दोन जावा आणि एक स्वयंपाकघर. दोन जावा एका स्वयंपाकघरात म्हटलं की लोक कान टवकारतात. आमच्यात भांडण व्हायचं नाही असं नाही. पण जाऊबाईंशी भांडायचं तर समोर जाऊन, तोंडासमोर तोंड करून, हळू आणि स्पष्ट भांडायला लागायचं. त्यांचा डावा कान लहानपणी तापात गेलेला, आणि उजवा होता तो बेकरीतल्या पंख्यांनी खाल्ला. त्या ओठ वाचायच्या. आता तुम्हीच सांगा, हळू आणि स्पष्ट कोणाला भांडता येतं का? मध्येच हसू फुटायचं. अजून मी घरात कोणाशी बोलताना समोर जाऊन उभी राहते, तोंड मोठं करून बोलते. आमचे हे म्हणतात, "अगं, मला ऐकू येतं." मला कळतं हो. सवय आहे ती जात नाही.

बेकरीत त्यांना का-बाई म्हणायचे. कारण त्यांच्या तोंडी सारखं का. पीठ आज चिकट का, ह्या कोपऱ्यातला पाव आधी लाल का, नळाला सकाळी आवाज येतो म्हणता तो का. स्वतःला ऐकू न येणाऱ्या आवाजाची पण चौकशी. त्यांना काय ऐकू जातंय म्हणून लोक तोंडावरच का-बाई म्हणायचे. त्या ओठ वाचून म्हणायच्या, "का-बाई तर का-बाई, पण उत्तर तर द्याल?"

त्या बेकरीत एकवीस वर्षं होत्या. आधी फरशी पुसायला, मग साच्यांना तेल लावायला, आणि मग भट्टीवर. भट्टीवर घेतलं तेव्हा घरी येऊन त्यांनी मला हातमोजे दाखवले होते, कोपरापर्यंत येणारे जाड हातमोजे, जसं कोणी दागिना दाखवतं. भट्टीला तीन कप्पे. वरच्यात लहान पाव, बावीस मिनिटं. खालच्या दोन्हीत मोठे, अडतीस मिनिटं. वेळ झाली की घंटा वाजते. आता घंटा वाजते हे ज्याला ऐकू येतं त्याच्यासाठी. सुरुवातीला त्यांच्या जोडीला एक म्हातारे होते, सगळे त्यांना मामा म्हणायचे. घंटा झाली की मामा त्यांच्या खांद्यावर टिचकी मारायचे. मामा रिटायर झाले आणि टिचकी बंद झाली. भिंतीवर घड्याळ आहे, पण भिंतीकडे बघत बसलं तर हात थांबतात, पुढचे साचे कोण भरणार? आणि वासावर जाऊ म्हणाल तर दिवसभर त्याच वासात असल्यावर नाक मेलेलं असतं. जाऊबाई म्हणायच्या, वास आला म्हणजे उशीर झाला.

तेव्हा घड्याळ आलं. ते खरं भाऊजींचं. ते बस चालवायचे, दहा वर्षांत एक अपघात नाही म्हणून डेपोत त्यांना मोबाईलला जोडायचं ते घड्याळ बक्षीस मिळालं. भाऊजींनी दोन दिवस घातलं आणि काढून ठेवलं. म्हणाले, "मेसेज आला की थरथरतं, सारखं मनगटाला चावतं. हात आहे का हाड, कुत्र्याच्या तोंडात दिल्यासारखं वाटतं." जाऊबाईंनी विचारलं, "चावतं म्हणजे? ऐकू न येता कळतं?" झालं. दुसऱ्या दिवसापासून घड्याळ त्यांचं.

पण बेकरीत हातात काही चालत नाही. दारावर पाटी आहे, हातात घड्याळ, अंगठी, बांगडी घालून आत येऊ नये. पिठात पडलं तर काय. जाऊबाईंनी घड्याळ पायाला बांधलं, घोट्याच्या वर, मोज्यावरून. सुपरवायझरने बघितलं आणि म्हणाला, "बाई, पाटी वाचता येते ना?" ह्या म्हणाल्या, "येते की. हातात लिहिलंय. पायात कुठे लिहिलंय?" त्याने पाटीकडे बघितलं, ह्यांच्या पायाकडे बघितलं आणि गेला. घड्याळाचा पट्टा पायाला पुरायचा नाही, म्हणून त्यांनी भाऊजींच्या जुन्या पायजम्याची नाडी ओढून काढली आणि पट्ट्याच्या दोन टोकांना ओवून बांधली. घंटेच्या वेळा घड्याळात लावल्या. पोटरीला गुरगुर झाली की वळायचं आणि दार उघडायचं. दीड वर्ष एक पाव करपला नाही. एकदा चार्ज केलं की दोन दिवस बघायला नको.

आणि मग मी घाण केली. हे कोणाला फारसं माहीत नाही, आज सांगते. रविवार होता, जाऊबाई कपडे वाळत घालत होत्या, त्यांचा मोबाईल माझ्या हातात होता. घड्याळासाठी नवीन अपडेट आलंय म्हणून सारखं वर यायचं, होय की नंतर. चार वेळा नंतर केलं. पाचव्यांदा कंटाळून होय दाबलं. वीस मिनिटं एक गोल फिरत राहिला आणि मग सगळं पहिल्यासारखं दिसायला लागलं. मी मोबाईल ठेवून दिला, बोलले पण नाही.

सोमवारी पहाटे जाऊबाई घड्याळ शंभरावर घेऊन गेल्या. पावणेअकराला ते मेलं. पायाला गुरगुर झाली नाही, घंटा वाजून गेली, आणि शेजारच्या भट्टीवरचा धावत आला तेव्हा बहात्तर मोठे पाव कोळसा झालेले. त्या शेजारच्याला सगळे डबल म्हणतात कारण तो कधी एक ट्रे उचलत नाही, दोन उचलतो. डबल म्हणाला, "मावशी, मी ओरडलो तीन वेळा." जाऊबाई म्हणाल्या, "तू बत्तीस वेळा ओरड रे, काय फरक पडतो?"

सुपरवायझर वाईट माणूस नाही, पण बहात्तर म्हणजे बहात्तर. तो म्हणाला, "बाई, शनिवारी मोठी ऑर्डर आहे. शनिवारपर्यंत बघतो. त्यात एक ट्रे जरी गेला तर सोमवारपासून तुम्ही खाली." खाली म्हणजे तळघरात, खोके दुमडायला. तिथे घंटा नाही, आग नाही, काहीच नाही. बसून पुठ्ठा दुमडायचा. बेकरीत ज्याला काढता येत नाही त्याला तिथे बसवतात.

घरी आल्या आणि सगळं सांगितलं. मी समोर जाऊन उभी राहिले आणि म्हटलं, "जाऊबाई, काल मी त्याला अपडेट केलं." मला वाटलं आता फाडून खातील. त्यांनी डोळे बारीक केले. "म्हणजे आधी ठीक होतं आणि त्यानंतर बिघडलं?" "हो." "मग बरं झालं. कुठून सुरू झालं ते तर कळलं." आणि मला म्हणाल्या, "धाकटे, पिठाच्या गोणीचा कागद आण."

त्या कागदावर त्यांनी रेघा मारल्या. एका बाजूला वाजले किती, दुसऱ्या बाजूला घड्याळात उरलं किती. मंगळवारी दर अर्ध्या तासाला वाकून बघितलं आणि मनात ठेवलं, सुट्टीत कागदावर लिहिलं. सहाला शंभर, आठला साठ, दहाला अठरा, पावणेअकराला शून्य. बंद करून परत चालू करून झालं, काही नाही. सुट्टीत चार्ज करायचं म्हणाल तर सुट्टी बाराची. तो दिवस भिंतीवरचं घड्याळ बघून बघून काढला, मान दुखली, काम अर्धं झालं, पण पाव वाचले.

संध्याकाळी आम्ही दोघी मोबाईलवाल्याकडे गेलो. मी बरोबर का, तर त्या माणसाच्या मिशा ओठावर आलेल्या. जाऊबाई म्हणायच्या, "त्याच्या तोंडाला पडदा आहे, मला काही वाचता येत नाही." त्याने घड्याळ तासभर काउंटरवर ठेवून घेतलं. आम्ही बाकड्यावर बसलो. तासाने एक टक्का उतरलं होतं. फक्त एक. तो म्हणाला, "बॅटरी ठणठणीत आहे. अपडेटनंतर आत काहीतरी चालू राहतंय. काय ते बघायला लागेल."

दुसरं कोणी असतं तर निराश झालं असतं. जाऊबाई रस्ताभर खूश. "म्हणजे दुकानात उतरत नाही आणि माझ्याकडे उतरतं. का? त्याचं काउंटर आणि माझा पाय, फरक काय?" मी म्हटलं, "काउंटर चालत नाही." "बरोबर. आणि काउंटर भट्टीसमोर उभं राहत नाही. धाकटे, उद्या तू घाल."

मी हबकले. "आणि तुम्ही? उद्या पायाला काय बांधणार?" "उद्या डबल टिचकी मारेल. एक दिवस काढते." "आणि तो विसरला तर? शनिवार जवळ आलाय, जाऊबाई." त्या म्हणाल्या, "कळलं नाही तर शनिवारी पण हेच होणार आहे."

बुधवारी मी घड्याळ मनगटावर घालून गेले. मी अभ्रे शिवते, उशांचे अभ्रे, दिवसाला शंभर सव्वाशे. मशीनवर हात सारखा हलतो, म्हटलं आज ह्याची परीक्षा. दोन वाजता शंभराचं सत्त्याऐंशी. म्हणजे हलण्याने उतरत नाही. बेकरीत डबलने टिचक्या मारल्या, एकदा विसरला आणि मग पळत येऊन एवढी जोरात मारली की जाऊबाईंचा खांदा दुसऱ्या दिवशी पण दुखत होता.

आता राहिली भट्टीची आग. मला वाटलं तीच. तर संध्याकाळी जाऊबाई घरी, थंड फरशीवर, घड्याळ पायाला बांधून बसल्या. आग नाही, चालणं नाही. तासाभरात वीस टक्के उतरलं. त्या कागदाकडे बघत राहिल्या. "आग नाही. हलणं नाही. पायच. माझ्या पायात काय वाईट आहे गं?"

तेवढ्यात घड्याळाच्या काचेवर काहीतरी उमटलं आणि गेलं. दिवसभर पँटच्या आत असणाऱ्या घड्याळात काय उमटतं ते कोण बघणार? आम्ही दोघी डोकं डोक्याला लावून वाट बघत बसलो. परत आलं. मी वाचलं, "नाडी सापडत नाही. पट्टा नीट बसवा."

आम्ही एकमेकींकडे बघितलं. जाऊबाई म्हणाल्या, "ह्याला कसं कळलं मी नाडीने बांधलंय ते?" मी म्हटलं, "आणि बांधलीये तर सापडत नाही काय? समोर तर आहे." त्यांनी नाडीला हात लावून बघितला. "जुनी आहे. दोन ठिकाणी विरलीये. ह्याला नीट लागत नसेल." मला खरंच पटलं. मोबाईलला माणसाचा चेहरा ओळखू येतो, मग घड्याळाला नाडी ओळखू यायला काय हरकत आहे?

नवीन नाडी हवी. भाऊजींच्या चांगल्या पायजम्यातली काढली. लाल, जाड, दोन पदर करून करकचून बांधली, एवढी की पायाला वळ उठला. भाऊजी दारात उभे राहून बघत होते, कमरेला एक हात. म्हणाले, "घड्याळाला माझी नाडी आणि मी पायजमा धरून फिरतो. डेपोवाल्यांना सांगतो, बक्षीस परत घ्या, माझी अब्रू द्या." जाऊबाई त्यांच्या ओठांकडे बघून म्हणाल्या, "तुम्हाला कुठे जायचंय संध्याकाळचं?"

गुरुवारी आणखी लवकर मेलं. साडेदहाला, पुढचं डबलच्या टिचक्यांवर निभावलं. आणि पाय काळानिळा.

मी संध्याकाळी एकटीच दुकानात गेले. गर्दी होती. मी मागूनच म्हटलं, "दादा, ते घड्याळ म्हणतंय नाडी सापडत नाही." तो दुसऱ्याचा मोबाईल उघडत होता, मान वर न करता म्हणाला, "हां, मग तेच खातंय. नाडी बंद करा." मी म्हटलं, "पूर्ण बंद?" "पूर्ण. काही लागत नाही तिची." मी पळत घरी. "जाऊबाई, तो म्हणाला नाडी बंद करा, तिची काही गरज नाही." जाऊबाई म्हणाल्या, "नाडीच नको? मग पायाला राहील कशाने?" शेवटी जुन्या मोज्याचं रबर काढलं आणि त्याने बांधलं. भाऊजींना त्यांची लाल नाडी परत मिळाली, ते म्हणाले, "मोबाईलवाला देवमाणूस आहे."

शुक्रवारी, रबरावर, पावणेअकराला शून्य. एक ट्रे काळपटला, डबलने ते काळे पाव पटकन बाजूला केले, सुपरवायझर लांब होता म्हणून निभावलं. उद्या शनिवार.

त्या दिवशी घरी आल्यावर जाऊबाई थेट कागद घेऊन बसल्या. चहा अर्धा ठेवला. मग घड्याळ चार्ज केलं, पायाला बांधलं आणि न्हाणीघरात जाऊन आतून दार लावलं. आमच्या न्हाणीघराला खिडकी नाही, दिवा घालवला की दुपारी पण अंधार. दहा मिनिटं, वीस मिनिटं. भाऊजी टॉवेल खांद्यावर घेऊन बाहेर. दार वाजवायचं तर त्यांना ऐकू येणार नाही. मी दाराखालून हात घालून हलवला. तेव्हा दार थोडं उघडलं. "धाकटे, आत ये. दार लाव." भाऊजी म्हणाले, "आता दोघी? मी अंघोळ गच्चीवर करू का?"

आत काळोख. जाऊबाई पालथ्या बादलीवर बसलेल्या, पाय पुढे. मी बघितलं तर मोज्याच्या विणीतून हिरवा उजेड झिरपत होता. घड्याळाच्या पोटाखालून. विझत नव्हता, लुकलुकत पण नव्हता, नुसता जळत होता. त्यांनी माझ्या हाताला धरून तिकडे दाखवलं, अंधारात त्यांना माझे ओठ दिसत नव्हते म्हणून त्याच बोलत होत्या. "हे बघ. हे खातंय. मोज्यावर ठेवलं की असं. आता बघ." घड्याळ काढून बादलीच्या कडेवर ठेवलं. थोडा वेळ जळलं आणि विझलं. "आता तुझा हात दे." माझ्या मनगटावर ठेवलं. लुकलुकलं, थोडं मंद झालं, आणि काचेवर आलं, नाडी एकोणऐंशी.

मी दिवा लावला आणि म्हटलं, "एकोणऐंशी नाड्या? कुठे आहेत?"

जाऊबाईंनी माझ्याकडे बघितलं नाही. घड्याळ स्वतःच्या मनगटावर लावलं. नाडी चौऱ्याहत्तर. जरा वेळ बघितलं. त्र्याहत्तर झालं. परत चौऱ्याहत्तर. मग दार उघडून भाऊजींना बाजूला सारून जिन्याकडे गेल्या. दोनदा वर, दोनदा खाली. परत आल्या त्या धापा टाकत, आणि घड्याळ माझ्यासमोर धरलं. एकशे नऊ. पायरीवर बसल्या. शंभर. ब्याण्णव. पंच्याऐंशी. मग त्यांनी माझा हात ओढला आणि मनगटावर तीन बोटं ठेवली, कानाच्या डॉक्टरकडची नर्स ठेवायची तशी.

"ही नाडी," त्या म्हणाल्या.

मी म्हटलं, "अगं बाई."

मग जे हसलो आम्ही. पायरीवर बसून. जाऊबाई हसताना आवाज मोठा व्हायचा, त्यांना स्वतःला तो कळायचा नाही. शेजारचे बाहेर आले. भाऊजी टॉवेल घेऊन उभेच. मी त्यांना सांगितलं, "भाऊजी, पायजम्याची नाही. हाताची. जीव असतो ती." भाऊजी पायजम्याकडे बघून म्हणाले, "म्हणजे काल दिवसभर माझा पायजमा उगाच?"

गोष्ट एवढीच होती. आधीचं घड्याळ मागितलं तरच नाडी मोजायचं. अपडेटने ते सतत करून टाकलं. जाऊबाई घालायच्या मोज्यावरून, पायाला. त्याला मोज्यातून काही लागायचं नाही, म्हणून दिवा आणखी मोठा करायचं, आणखी मोठा, दिवसभर. माझ्या मनगटावर लगेच सापडायची म्हणून उतरायचं नाही. काउंटरवर माणूसच नाही म्हटल्यावर थोडं शोधून झोपायचं. जाऊबाई म्हणाल्या, "सहा वाजल्यापासून शोधतंय बिचारं. मेलं शोधून शोधून." मोबाईलवाला बरोबर बोलला होता. आम्हीच रबर लावत बसलो.

मोबाईलमध्ये ते कुठे असतं ते शोधायला पाऊण तास गेला. एका पानावर एक हृदयाचं चित्र, त्याच्यावर दाबलं की नाडी, आणि खाली दोन पर्याय, सतत किंवा मागितल्यावर. सतत वर खूण होती. जाऊबाई माझ्याकडे बघून म्हणाल्या, "ह्या वेळी मी दाबते." आणि मागितल्यावर वर दाबलं.

तेवढ्यावर थांबतील तर त्या जाऊबाई कसल्या? जेवताना आम्हा सगळ्यांच्या नाड्या मागून झाल्या. भाऊजींची सगळ्यात कमी, अठ्ठावन्न. त्या म्हणाल्या, "बस चालवताना पण झोपतच असाल." मग बेकरीतून आणलेला कडेचा पाव होता, भाऊजींनी गंमत म्हणून घड्याळ त्याला बांधलं. आणि नाडी एक्क्याऐंशी. देवाशप्पथ. पावाची एक्क्याऐंशी. आमच्या ह्यांनी पाव ताटात परत ठेवला, म्हणाले, मी नाही खात. सगळे हसले आणि जाऊबाई नाही हसल्या. "मोज्यातून माझी सापडत नाही आणि पावाची सापडते. का?" ते मात्र त्यांना शेवटपर्यंत कोणी सांगितलं नाही. मोबाईलवाल्याला विचारलं, नर्सला विचारलं, जायच्या आधी दवाखान्यात अकरा दिवस होत्या तिथल्या मोठ्या डॉक्टरला पण विचारलं. तो म्हणाला, "आजी, आराम करा." त्या मला म्हणाल्या, "ह्याला पण माहीत नाही."

शनिवारचं मी डबलकडून ऐकलं, मी तिथे नव्हते. तो म्हणतो, मोठी ऑर्डर म्हणून तिन्ही कप्पे सकाळपासून भरलेले, आणि दहा वाजल्यापासून सुपरवायझर हाताची घडी घालून भट्टीसमोर. मावशी त्याच्याकडे पाठ करून साचे भरत होत्या. पावणेअकरा झाले, डबल म्हणतो. मी टिचकी मारायला दोन पावलं पुढे पण गेलो. तर वरच्या कप्प्याची घंटा वाजली आणि मावशी वळल्या. एकाच वेळी. घंटा त्यांच्या मागे, तोंड भिंतीकडे, आणि वळल्या जशा कोणी हाक मारल्यावर वळतात. दार उघडलं, वाफ आली, ट्रे बाहेर, सगळे एका रंगाचे. सुपरवायझर दोन वाजेपर्यंत तिथेच होता. एकही ट्रे गेला नाही.

काम सुटल्यावर त्याने घड्याळ बघायला मागितलं. चौऱ्याऐंशी टक्के. तो म्हणाला, "ठीक आहे बाई. सोमवारी भट्टीवरच या." जाऊबाई म्हणाल्या, "काय?" त्याने मोठ्याने म्हटलं, "सोमवारी भट्टीवर या." त्या परत, "काय?" मग तो तोंडाशी हात धरून एवढ्याने ओरडला की तळघरातून खोकेवाल्या बायका वर आल्या. "सोमवारी भट्टीवर. तुमचीच आहे भट्टी." तेव्हा मान हलवली आणि हातमोजे काढले.

पुढे साडेचार वर्षं त्या भट्टीवर होत्या, आजारी पडल्या त्या दिवसापर्यंत. पण त्या शनिवारी घरी आल्यावर मी त्यांना विचारलं, "तीन वेळा बोलल्यावर कळलं? त्याला तर मिशा पण नाहीत."

जाऊबाई पाय चोळत बसल्या होत्या. म्हणाल्या, "पहिल्यांदाच कळलं होतं."

"मग?"

"मला एकटीला कळून काय उपयोग? सोमवारी म्हणाला असता, मी कुठे म्हणालो. आता सगळ्यांनी ऐकलंय."